दाराएवढं खुराडं

माझ्या लेकीने माझ्याच घरात, मला न विचारता, मागच्या दाराला कडी बसवली. तीही वर, चौकटीच्या माथ्याला लागून, जिथे माझा हात पोचत नाही. विचारायला तोंड नव्हतं का तिला? तोंड आहे, चांगलं खणखणीत आहे. दवाखान्यात नर्स आहे ती, तिच्या एका आवाजात अख्खा वॉर्ड कुशीवर वळतो. पण आईला विचारलं की आई नाही म्हणणार, म्हणून विचारायचंच नाही, असा सरळ हिशेब. मी आंघोळीला गेले तेवढ्यात काम उरकलं. मी केस पुसत मागच्या खोलीत आले, नेहमीसारखी खालची कडी काढली, दार ओढलं, आणि दार आलं नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून दोन्ही हातांनी ओढलं. मग वर पाहिलं. पिवळीधमक, कोरी पितळी कडी. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी, तसं झालं. आणि सांगू नये, पण राग यायच्या आधी माझ्या नजरेला पहिलं काय दिसलं असेल तर ते हे, की चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. सुतार होते आमचे हे. स्क्रू घट्ट झाला की शेवटचा पीळ असा द्यायचे की खाच उभी राहावी, सगळ्या स्क्रूंची, एका रांगेत, शिपायांसारखी. आडव्या खाचेत धूळ बसते म्हणायचे. बाप गेला, पण पोरीच्या मनगटात तो पीळ राहिला. तो पाहून मला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचा संताप आला.

वर कडी कुणासाठी लावतात, मला कुणी शिकवायला नको. ही रांगायची थांबून चालायला लागली तेव्हा ह्याच दाराला वर कडी होती. हे परसात काम करत असायचे, करवत पडलेली, पटाशी पडलेली, आणि ही कुठूनही सुटून तिकडेच धावायची. मग ह्यांनी वर कडी ठोकली. ती उंच झाल्यावर काढली, भोकं लाकडी खुंट्या मारून बुजवली, वर रंग दिला. तो रंग आता उडालाय, खुंट्यांची गोल तोंडं दिसतात. नवी कडी त्यांच्या अगदी शेजारी. तेव्हा ही दाराखाली उभी राहायची. रडायची नाही, हे विशेष. मान वर करून कडीकडे बघत राहायची, जणू कडीलाच आज ना उद्या दया येईल. मी चुलीपाशी असायचे, मला तिची पाठ दिसायची, मानेवरची वळी दिसायची. आणि आता मीच तिथे उभी होते, ओले केस पाठीवर, मान वर. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं. मी मान खाली केली, पण केल्यावरही मानेत तो कोन राहिला, दिवसभर राहिला.

संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली. मी तिला पाणी पिऊ दिलं, तेवढी माणुसकी आहे माझ्यात.

“कडी कुणी बसवली?”

“मी.”

“का?”

“तुला ठाऊक आहे आई का ते.”

“ठाऊक असतं तर विचारलं असतं?”

“परसात पडलीस तू. पायऱ्यांवरून. मनगट केवढं सुजलं होतं. आम्ही दोघं दिवसभर घरात नसतो. हाड मोडलं असतं म्हणजे?”

“मोडलं नाही ना? मी उठले, आत आले, चहा करून प्याले. तुला सांगितलं हीच चूक झाली.”

“पुढच्या दाराने जा ना हवं तिथे. मी अडवलंय?”

“हो का! म्हणजे रस्त्यावर मोटारीखाली गेले तर चालेल, गवतात बसकण मारली तर चालणार नाही.”

“रस्त्यावर चार माणसं असतात, उचलतात. परसात कोण येणार? आणि मी कुठे नाही म्हणते? मला सांग, मी उघडून देईन. यांना सांग.”

‘यांना’ म्हणजे जावयांना. जावई चष्म्याच्या दुकानात काम करतात. घरात आवाज चढला की चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा नसला की त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे ते साक्षीला नाहीत. माणूस गुणी आहे, पण काच पुसून पुसून झिजेल एक दिवस. ‘सांग, उघडून देईन.’ हे वाक्य मी अंथरुणावर घेऊन गेले. ह्या घरात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासू होती, नणंद होती, पण दार उघडा म्हणून मी कुणापुढे पदर पसरला नव्हता. दार ही काय मागायची गोष्ट आहे? स्टूल होतं. स्टुलावर चढले असते तर हात सहज पोचला असता. पण स्टुलावरून पडले असते तर कडी बरोबर ठरली असती. आणि न पडता उतरले असते तर उद्या स्टूल कुलपात गेलं असतं. माझी लेक आहे ती, मी ओळखते.

म्हणून मी दाराच्या वाटेला गेलेच नाही. मागच्या खोलीत जाऊन बाकावर बसले. ही खोली ह्यांची. त्यांचं कामाचं लांबलचक बाक जमिनीत रोवलेलं आहे, दाराच्या अगदी पाठीला, त्यामुळे दार पुरतं उघडतच नाही, अर्ध्यावर येऊन बाकाला टेकतं. कोपऱ्यात उरलेल्या फळ्या, पट्ट्या, खोक्यात खिळे. खिडकीच्या गजांतून परस दिसतं. आमची घरं एकाला एक चिकटलेली, मागे दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, समोरही भिंत, म्हणजे परसात जायला हे एकच दार. तिथे माझी पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, आणि भिंतीलगत उन्हाचा एक तुकडा, जो सकाळी टाकीवर असतो आणि दुपारी कोपऱ्यात जातो. त्या कोपऱ्यात ह्यांनी मला खुराडं करून द्यायचं कबूल केलं होतं. लग्नात. लोकांची कपाटं केली, पलंग केले, पाळणे केले, कुणाकुणाची दारं केली. आमचं खुराडं पुढच्या महिन्यात. पुढचा महिना कधी आलाच नाही, हेच निघून गेले. मी त्याचं दुःख करत बसणारी नव्हे. पण त्या सकाळी गजांतून तो रिकामा कोपरा बघताना माझ्या मनात आलं की ह्यांनी नाही केलं म्हणून ते व्हायचं नाही, असं कुणी लिहून ठेवलंय? आणि हात आपोआप बाकाच्या कडेवरून फिरला. हे रंधा मारायचे तेव्हा मी समोर उभी असायचे, फळीचं दुसरं टोक धरून. जन्मभर मी फळीचं दुसरं टोक धरलं. दुसरं टोक धरणाऱ्याला काही शिकवत नाहीत, फक्त ‘धर’, ‘सोड’, ‘वर घे’, ‘झोपलीस काय’ एवढंच म्हणतात. पण करवत कुठे अडतेय, लाकूड कुठे ओढतंय, माणसाचं चित्त कुठे आहे, ते सगळं फळीतून दुसऱ्या टोकाला येतं. शाळेत मी जेमतेम बाराखडीपर्यंत गेले. सही करते तीही चित्र काढल्यासारखी. पण फळीतून आलेलं मला पुसता आलेलं नाही.

रात्री जेवताना सांगितलं, “मी कोंबड्या पाळणार आहे. खुराडं मी करणार.”

लेकीने जावयांकडे पाहिलं. जावयांनी चष्म्याला हात घातला.

“कर की,” ती म्हणाली, अगदी गोड आवाजात, ज्या आवाजात ती पेशंटला सुई टोचत असेल. “मागच्या खोलीतच कर बसून. मन रमेल तुझं.”

मन रमेल! मी काय खुळखुळा मागितला होता?

“आणि कोंबड्या आल्यावर सकाळी त्यांना सोडणार कोण?” मी विचारलं.

“मी ड्यूटीला निघायच्या आधी दार उघडीन, तू सोड, मग मी बंद करीन. संध्याकाळी आले की पुन्हा.”

म्हणजे कोंबड्यांना आणि मला एकाच वेळी सोडायचं आणि एकाच वेळी कोंडायचं. हे तिच्या लक्षात आलं नाही. जावयांच्या आलं. त्यांना ठसका लागला.

खुराडं म्हणजे पेटी नव्हे. पेटीत कपडे गप्प बसतात. कोंबडी माणसापेक्षा मानी असते, मी माहेरी लहानपणापासून बघितलंय. संध्याकाळ झाली की ती उंच जागा शोधते. एक दांडी उंच आणि बाकीच्या खाली ठेवल्या की संपलं, सगळ्या त्याच एका दांडीसाठी एकमेकींची डोकी सोलून काढतात. मग जी जिंकते तीही रात्रभर झोपत नाही, खालच्या कधी वर येतात हेच बघत बसते. म्हणून दांड्या सगळ्या एका पातळीत. आणि दांडी गोल नको, चपटी हवी, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात आणि पाय गारठत नाहीत. अंडी घालायचे खण दांडीपेक्षा खाली, आडोशाला, अंधारे. खण वर ठेवले की तिथेच झोपायला जातात आणि घाण करून ठेवतात. हवेला भोकं हवीत, पण अगदी वर, डोक्यावरून वारा जावा, अंगावरून नाही. जाळी बारीक, कारण मांजर आत शिरत नाही, नुसता पंजा घालून ओढते. हे सगळं मी खडूने मागच्या खोलीच्या फरशीवर काढलं, उकिडवी बसून. अक्षर मला येत नसेल, रेघ येते. रेघ काढता काढता दाराच्या जागेशी आले आणि हात थांबला. खुराड्याला दार, दाराला कडी. कडी बाहेरून. कोंबडीला आतून ती कशी दिसत असेल? मांजर कोंडलंय की आपण, हे तिला कोण सांगणार? सकाळी दार उघडलं की ती कडीकडे बघतसुद्धा नाही, उडी मारून निघून जाते. राग धरत नाही. मला क्षणभर वाटलं, लेक माझी अशीच संध्याकाळी सगळ्यांना मोजून कडी लावतेय, दवाखान्यातही तेच, घरातही तेच. एखादीचा पाय घसरलेला तिने पाहिला असेल, जो मी पाहिला नाही. वाटलं. मग मी फरशीवर खडूने कडी काढली, खाली, माझ्या हाताच्या उंचीला, आणि उठले. गुडघे कटाकटा वाजले. वाजेनात का. वाजणारा गुडघा चालतो, न वाजणारा काय कामाचा.

मग मी दार मोजलं. ह्या घराचा तो कायदा आहे. आधी दार मोजायचं, मग वस्तू. कायदा असा झाला की लग्नानंतर पहिल्यांदा हातात मोठं काम आलं तेव्हा ह्यांनी ह्याच खोलीत एक कपाट केलं, असं देखणं की बघत राहावं, आणि ते दारातून बाहेर जाईना. पुढच्या दारातून नाही, मागच्या नाही. शेवटी उभं मधोमध कापलं आणि बाहेर नेऊन जोडलं. गल्लीभर आमचं नाव ‘दोन कपाटवाले’ पडलं, कित्येक वर्षं पुसलं नाही. त्या दिवसापासून हे रंध्याला हात लावायच्या आधी दार मोजायचे, आणि पोरीकडूनही घोकून घेतलेलं. बाकाखाली बसून ती बोबडं म्हणायची, आधी दाल मग वत्तू. तर मी दार मोजलं. चौकटीपासून चौकटीपर्यंत एक माप. आणि दार बाकाला टेकून अर्धं उघडं राहिलं की दाराच्या फळीची जाडी आडवी येते, दोन बोटं जातात, ते दुसरं माप. वस्तू बाहेर न्यायची तर दुसरं माप धरायचं. कडी वरून लावलेली, पण मला दार उघडायची काय गरज होती? किती उघडतं ते मला बंद दारावरही कळतं. दोन्ही मापं मी दोन पट्ट्यांवर खुणेने घेतली आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ बघत बसले. मग पहिलं घेतलं. चौकटीपासून चौकट, नखभर कमी. लांबीही दाराचीच धरली. फळीवर करवत टेकवली ती नेमकी त्याच मापावर, हे मी शपथेवर सांगेन.

मग दिवस असे गेले की मला ते मोजावेसे वाटले नाहीत. खिळे, जाळी, सरस आणायला मी पुढच्या दाराने जायचे, मानाने, गळ्यात पिशवी अडकवून. दुसरं टोक धरायला कुणी नाही, मग बाकाच्या शिकंज्यात फळी आवळायची. शिकंजा धरतो चांगला, ‘झोपलात काय’ म्हटलं तरी उलट बोलत नाही. पण फळीतून काही सांगतही नाही. सुजून बरं झालेलं मनगट पहिल्यांदा रडलं, मग त्याला कळलं की इथे कुणी ऐकणार नाही, मग लागलं कामाला. सांध्यात सरस, सरसात लाकडी खुंटी. भुशाचा वास केसांत बसला आणि सकाळी उशीवर तो वास आला की मला वाटायचं, हे कुशीवर आहेत. संध्याकाळी लेक डोकावायची, “वा, छान होतंय हं,” आणि जाताना वरच्या कडीकडे एकदा बघायची. “छप्पर कसलं करणार?” विचारायची. मी म्हणायचे, बघू. मधेच एखाद्या सकाळी मात्र मी त्या सांगाड्यासमोर उभी राहायचे आणि स्वतःलाच विचारायचे. मी हे खरंच ठरवून केलंय ना? की माप चुकलं, आणि चुकल्यावर मी मनाला सांगितलं की ठरवून केलंय? म्हाताऱ्या माणसाचं हेच वाईट. त्याला स्वतःची साक्ष पुरत नाही. मी पुन्हा पट्टी घ्यायचे, पुन्हा चौकट मोजायचे. नखभर कमी. हो. नखभर. पण दुपारी पुन्हा तीच शंका कोंबडीसारखी पायात यायची. हुसकली की जायची, पाठ फिरवली की परत.

ते पुरं झालं. छप्पर सोडून सगळं झालं. दोघंही सकाळी घरी होती अशा दिवशी मी म्हटलं, चला, बाहेर काढू. लेकीने स्टूल न घेता, टाचा वर करून कडी काढली. दार बाकाला टेकलं. जावयांनी पुढचं टोक धरलं, लेकीने मागचं, मी बाजूला. खुराडं दारापर्यंत आलं, दारात शिरलं, आणि खट्. अडलं. जावयांनी तिरकं करून पाहिलं, उचलून पाहिलं. मग चष्मा नाकावर सारून वाकून बघितलं.

“दोन बोटांनी अडतंय,” ते म्हणाले.

लेकीने टोक खाली ठेवलं. मला वाटलं होतं ती हसेल. दोन कपाटवाले म्हणेल, टाळ्या पिटेल. ती हसली नाही. तिने दाराकडे पाहिलं, खुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ह्या घरात कधी पाहिलं नव्हतं. भीती. ती पुढे आली, माझा हात हातात घेतला, बोटं हळूच नाडीवर गेली.

“आई, तू दार मोजलं नाहीस?”

“का?”

“तू. दार न मोजता...” तिचा आवाज खाली आला, वॉर्डातला झाला. “आई, आज वार कोणता आहे गं?”

हे मी ऐकलं. माझ्या लेकीने मला वार विचारला. आणि सांगते, कारण लपवायला मी काही चोर नाही, त्या क्षणी मला वार आठवेना. जिथे वार असतो तिथे हात घातला तर नुसता भुसा. समोर तिचा चेहरा, त्यामागे उघडं दार, दारात अडकलेलं खुराडं, आणि त्यापलीकडे माझं परस, ऊन टाकीवर आलेलं. मला दिसलं, आता मी चुकले तर उद्या कडी दाराला नाही, माझ्या हातापायांना लागेल. ही पुढच्या दारालाही लावील, प्रेमाने लावील, खाचा उभ्या करून लावील. मी जावयांकडे पाहिलं. जावई घरी. म्हणजे दुकान बंद. ही घरी, पण केस विंचरलेले, म्हणजे दुपारपाळी.

“जावयांच्या दुकानाला आठवड्याची सुट्टी, तुझी दुपारपाळी,” मी म्हटलं. “गुरुवार. आणि लेकीने आईला वार विचारला तो पहिला आणि शेवटचा गुरुवार. माझा हात सोड.”

तिने सोडला.

“मग आता हे उकलायचं?” जावई म्हणाले. “सांधे सोडवून पुन्हा...”

“सांध्यात सरस आहे, खुंट्या आहेत. उकललं तर फुटेल. काय सुटण्यासारखं आहे ते बघा की जावईबापू. डोळ्यांचंच काम करता ना?”

त्यांनी सावकाश खुराड्याभोवती नजर फिरवली. मग चौकटीवर. मग दारावर. बिजागऱ्यांवर नजर थांबली, आणि मिशीखाली काहीतरी हललं.

“दार सुटेल,” ते म्हणाले. “तीन बिजागऱ्या. स्क्रू ढिले केले की झालं.” आणि खिशातून चष्म्याचा तो काडीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला.

“त्याने जन्म जाईल,” लेक म्हणाली आणि बाकाच्या खणातून बापाचा मोठा काढला. हात कुठे जातो ते हाताला ठाऊक होतं. खालची बिजागरी, मधली, वरची. दार सुटलं, जावयांनी अंगावर घेतलं, दोघांनी भिंतीला टेकवून ठेवलं. वरची पितळी कडी दारासकट भिंतीशी जाऊन उभी राहिली, शिक्षा झालेल्या पोरासारखी. मग आम्ही खुराडं उचललं. गेलं. ह्या बाजूला अर्धं नख, त्या बाजूला अर्धं नख, कुठे घासलं नाही, कुठे ओरखडा नाही. दोन पायऱ्या उतरून, टाकीला वळसा घालून कोपऱ्यात जाऊन बसलं, त्या उन्हाच्या तुकड्यात. मी त्याच्यामागोमाग पायऱ्या उतरले. कुणी धरलं नाही, कारण कुणाचे हात मोकळे नव्हते. पायाखाली गार, ओलसर जमीन. मी उभी राहिले. उभी राहण्यासारखं सुख नाही, हे उभ्या असलेल्या माणसाला कधी कळत नाही.

लेक मागे गेली. चौकटीला वीत टेकवून तिने एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोजलं. खुराड्याशी आली, वीत टेकवून रुंदी घेतली. परत चौकटीशी. परत खुराड्याशी. चार फेऱ्या झाल्या असतील. मी बघत होते, तिचा बाप चालत होता तिच्या पावलांत.

“तू दार मोजलं होतंस,” ती म्हणाली.

“आधी दाल मग वत्तू,” मी म्हटलं.

ती पायरीवर बसकण मारून हसायला लागली, असं की शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. हसता हसता डोळे पुसले. “मी किती घाबरले आई, तुला कल्पना आहे? मला वाटलं, गेली माझी आई.”

“मी कुठे जाते दाराला कडी असताना?”

जावई मात्र खुराड्याभोवती फिरत होते. “आई, ह्याला छप्पर नाही अजून.”

मी भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं. लांबीला लांबी, रुंदीला चौकटीच्या खाचेत बसणारी दोन बोटं जास्त, म्हणजे पागोळी जाळीवर पडायची नाही. पाठीची बाजू मी उंच ठेवली होती, पुढची उतरती. जावयांनी माझ्या नजरेमागोमाग नजर नेली आणि ह्या वेळी चष्मा पुसला नाही.

“आणि खोलीला दार?” लेक म्हणाली.

“मधलं दार आहे की, स्वयंपाकघराचं. त्याची कडी माझ्या हाताला येते.”

दार जड होतं, ह्यांनी केलेलं. एक टोक लेकीने धरलं, मध्ये जावई डोक्यावर घेऊन, चष्मा सांभाळत. “धर,” मी म्हटलं. “वर घे. तुझ्याकडे उतरतंय. झोपलीस काय?” आयुष्यात पहिल्यांदा मी हे शब्द दुसऱ्या टोकाला म्हणत होते, आणि ते तोंडात किती गोड लागतात हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. दार बसलं. कुलपाचं भोक मी लाकडी खुंटीने बुजवलं. म्हणजे शेवटी खुराड्याचं छप्पर ह्यांनीच केलं, पुढच्या महिन्यात का होईना.

पुढच्या सुट्टीला जावयांनी चष्म्यांच्या खोक्यातून कोंबड्या आणल्या. दांडीची उरलेली पट्टी हातात घेऊन लेक पायऱ्यांशी उभी राहिली. “आई, इथे कठडा लावू का? तू म्हणशील त्या उंचीला.” विचारलं. मी हात धरून उंची दाखवली, तिने तिथेच बसवला. मी तो धरते. धरायला हरकत नाही, विचारून लावलाय. आणि दारासकट छपरावर गेलेली ती वरची कडी तिने आपणहून काढली आणि खुराड्याच्या दाराला लावली, खाली, जिथे फरशीवर मी खडूने काढली होती. संध्याकाळी कोंबड्या एकेक करून आत गेल्या, दांडीवर सारख्या उंचीला बसल्या, पिसं फुगवून बोटं झाकली, आणि एकीनेही दुसरीला टोचलं नाही. लेक वाकली आणि कडी सरकवली. अजून ती वाकलेलीच होती, वर मान करून माझ्याकडे बघत होती, लहानपणी दाराखाली बघायची तशी. तिला काहीतरी ऐकायचं होतं. मी दिलं.

“कडी झकास बसवली होतीस हो. चारही खाचा उभ्या. जागा तेवढी चुकली होती.”